खुणेला नाव नाही

आमचे लग्न ठरले तेव्हा आम्हा दोघांना विवाहपूर्व शिबिराला पाठवण्यात आले. वसईकडच्या कॅथलिक घरांत यात नवल काही नाही. शनिवार-रविवारची सत्रे, दुपारचे जेवण तिथेच, शेवटी प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर सिस्टर आल्या. जन्मभर परिचारिका म्हणून काम केलेल्या. त्यांनी फळ्यावर महिन्याचे कोष्टक आखले आणि दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत बाईला जाणवणाऱ्या स्रावाविषयी त्या बोलू लागल्या. पारदर्शक, निसरडा, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा. मुलगे जमिनीकडे बघत होते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सिस्टर, पण हे म्हणजे अंगावरून जाणंच ना? त्यावर तर औषध घेतात."

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध आजारावर घ्यायचं, बाळा. ही तब्येत बरी असल्याची खूण आहे."

तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. अंगावरून जाणे, पांढरे जाणे : मराठी बाईकडे या खुणेसाठी शब्द आहेत, पण ते आजाराचे. खाज, दुर्गंधी, वेगळा रंग असेल तर तो आजार असतोच आणि डॉक्टरांकडे जायलाच हवे. पण निरोगी खुणेसाठी वेगळा शब्द आपण ठेवलेला नाही. रक्तासाठी मात्र शब्दांची वाण नाही : विटाळ, अडचण, कावळा शिवणे, बाहेरची होणे. बहुतेक शब्द बाईला कुठे बसवायचे ते सांगतात, तिच्या आत काय घडते आहे ते नाही. संस्कृतातून 'ऋतुकाल' आला, पण धर्मशास्त्रात तो पतीला सांगितलेला आहे. पत्नीकडे केव्हा जावे, एवढ्यासाठी.

आत घडते ते असे. पाळीनंतर बीजकोशात एक बीज पिकू लागते, तसतसे इस्ट्रोजेन वाढते आणि गर्भाशयाच्या मुखाशी हा निसरडा स्राव तयार होतो. त्यात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. सुटलेले बीज जेमतेम एक दिवस जगते. मग प्रोजेस्टेरॉन वाढते, स्राव आटतो, आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेले तापमान किंचित, अर्ध्या सेल्सिअस अंशाच्या आतच, चढते आणि पुढच्या पाळीपर्यंत चढलेले राहते. गर्भ राहू शकेल असे दिवस महिन्यात साधारण सहा. ही खूण ओळखणाऱ्या बाईला मूल होण्या-न होण्यापलीकडचेही काही कळते. बीज सुटते आहे की नाही, चक्र कुठे अडले आहे, याचा पहिला सुगावा तिलाच लागतो.

विशीत माझी पाळी दोन-दोन महिने येत नसे. डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. दर 28 दिवसांनी रक्तस्राव होऊ लागला आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले. गोळ्या मध्ये थांबवल्या की अस्तर गळते, तो रक्तस्राव म्हणजे खरी पाळी नव्हे, बीज सुटलेलेच नसते, हे मला कोणी सांगितले नाही. गोळ्या चुकीच्या नव्हत्या. पीसीओएसमध्ये महिनोन्महिने पाळी न येणे गर्भाशयाच्या अस्तराला धोक्याचे असते आणि गोळ्या तो धोका टाळतात. नुसते कोष्टक मांडून पीसीओएस बरा होत नाही. तक्रार एवढीच, की माझ्या शरीराचा निकाल मला सोडून सगळ्यांना ठाऊक होता.

म्हणून सिस्टरांचे कोष्टक मला आधी ज्ञान म्हणून भेटले. नैतिक प्रश्न नंतर आला. पोप सहावे पॉल यांनी 25 जुलै 1968 च्या 'ह्युमाने व्हिटे' या परिपत्रात कृत्रिम साधने निषिद्ध मानली आणि निसर्गाचे दिवस ओळखून संयम पाळण्यास मुभा दिली. त्यासाठी नेमलेल्या आयोगाच्या बहुमताने बदल सुचवला होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. सारे ख्रिस्ती या प्रश्नावर एकमताचे कधीच नव्हते. अँग्लिकन बिशपांनी 1930 च्या लॅम्बेथ परिषदेत साधनांना मर्यादित संमती दिली होती. त्याच्या पाचच वर्षे आधी मुंबईत र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली होती.

हेतू तोच असेल, मूल नको हाच, तर गोळी पाप आणि कोष्टक पुण्य कसे? चर्चचे उत्तर असे, की एकात कृतीला तिच्या फळापासून तोडले जाते, दुसऱ्यात ती कृतीच टाळली जाते. शेतकऱ्याच्या भाषेत, न पेरणे वेगळे आणि पेरून उगवू न देणे वेगळे. फरक खरा आहे. पण 'नैसर्गिक' या शब्दावर सगळा भार टाकला तर तो पेलत नाही. थर्मामीटर झाडाला लागत नाही. चष्मा, इन्सुलिन, सिझेरियन यांना आपण कृत्रिम म्हणून नाकारत नाही. शिवाय शेताची उपमा मला बोचते. बाईला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हणण्याची आपली सवय फार जुनी आहे. शेताला आपला हंगाम कळत नाही, तो शेतकऱ्याला कळतो. इथे हंगाम जिला कळतो ती आणि जमीन एकच आहे. या पद्धतीचे नैतिक मोल असेल तर ते इथे आहे : शरीराविषयीचा पहिला शब्द त्या शरीराच्या मालकिणीचा असतो आणि दुसऱ्याला तो ऐकावा लागतो.

ऐकावा लागतो, पण ऐकला जातो का?

ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने स्राव ओळखण्याची पद्धत मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत तिची चाचणी घेतली. त्यातले एक केंद्र बंगळुरूचे होते. 1981 मध्ये निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या नव्वदहून अधिक बायकांना पहिल्याच चक्रात खूण ओळखता आली, आणि त्यांत न शिकलेल्या बायकाही होत्या. तरीही नंतरच्या वर्षभरात पुष्कळ गर्भ राहिले, ते बहुतांशी खूण न कळल्यामुळे नव्हे. कळूनही नियम मोडल्यामुळे. अहवालाच्या भाषेत नियम जोडपे मोडते. घरात तो कोण मोडतो, 'आज नको' कोणी म्हटले आणि कोणी ऐकले नाही, हे 'जोडपे' या शब्दाच्या आड राहून जाते.

त्याच्याही तीस वर्षे आधी आपल्या सरकारने हा प्रयोग केला होता. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती होत्या आणि गांधीजींच्या निकटवर्ती. साधनांना त्यांचा विरोध होता. त्यांच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने 1951 मध्ये डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठवले. दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरममध्ये बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या : हिरवे मणी सुरक्षित दिवसांचे, लाल टाळायच्या दिवसांचे. रोज एक मणी सरकवायचा. गळ्यात माळ घातली की झाले, असे काहींना वाटल्याचे किस्से आजही हसत सांगितले जातात. मला हसू येत नाही. मणी बाईच्या गळ्यात होते, आणि लाल मण्याच्या रात्री ज्याने थांबायचे त्याच्या हातात काहीच दिलेले नव्हते.

पुढे देशाने दुसरी वाट धरली, पण बोजा तिच्याच अंगावर राहिला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुरुष नसबंदीचा आकडा 0.3 टक्के. साधने वापरून पुरुष स्त्रीचा आदर करायचे विसरेल, अशी भीती परिपत्रात व्यक्त झाली आहे. ती खोटी नाही. पण साधनांवाचूनही तो खुशाल विसरतो, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय आमच्या लग्नांत फारसा वाचला जात नाही. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार, असे तिथे आहे. तेवढे सगळ्यांना पाठ असते. लगेच पुढे पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकारही तसाच सांगितला आहे, आणि दूर राहायचे ते दोघांच्या संमतीने, असेही. पहिल्या शतकात हे लिहिणे केवढे धाडसाचे होते! नैसर्गिक पद्धत या दुसऱ्या अर्ध्यावर उभी आहे. तो अर्धा ज्या घरात नाही तिथे ती पद्धत उरत नाही; उरते ती फक्त बाईची धास्ती.

आता त्या शिबिरात कधी कधी मला बोलावतात. मागे एकदा सत्र संपल्यावर एक बाई थांबून राहिली. भाचीला सोबत म्हणून आलेली, तीन मुलांची आई. म्हणाली, "ताई, मला सगळं कळलं हो. त्यांना कोण सांगणार? पिऊन येतात."

चर्चच्या शिबिरात उभी राहून मी तिला काय सांगायला हवे होते, ते मला माहीत होते. मी सांगितले ते वेगळे. "सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरबाईंशी बोल, तुझ्या हातात राहील असा उपाय घे." घरी येताना मन खात होते. शिकवणुकीला मी फाटा दिला होता. पण संयम हा दोघांचा सद्गुण आहे. एकटीवर लादला की तो संयम राहत नाही, शिक्षा होते, आणि तिला शिक्षा द्यायला मी गेले नव्हते. माझा सद्सद्विवेक तिथे थांबला. तो चुकला असेल तर त्याचा हिशेब मी देईन.

मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली एक बाई आहे. पुष्कळ वैद्य झाले, होते नव्हते ते सगळे खर्च झाले, आणि दुखणे वाढतच गेले. नियमाप्रमाणे ती अशुद्ध, तिचा स्पर्शही अशुद्ध. गर्दीत मागून येऊन ती येशूच्या वस्त्राला हात लावते. मार्क लिहितो, की आपण बरे झालो हे तिला तिच्या शरीरातच जाणवले. येशूने काही बोलण्याआधी, कोणी तपासण्याआधी. मग तो वळतो, कोणी हात लावला म्हणून विचारतो, आणि ती थरथरत सगळी हकीकत सांगते. तो ती ऐकून घेतो. विटाळाचा शब्दही काढत नाही. तिला मुलगी म्हणतो.

माझ्या सत्राची सुरुवात आता मी याच गोष्टीने करते, आणि मुलग्यांना पुढच्या बाकांवर बसवते. फळ्यावर कोष्टक आखले की त्यांच्या माना खाली जातात. मी थांबते. एकेक मान वर येईपर्यंत थांबते. त्या स्रावाला चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. गेल्या वेळी मुलींनाच विचारले. बऱ्याच वेळाने एक जण म्हणाली, "ओल म्हटलं तर?"