घाटाची चढण आणि वाटेचे ऋण

कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेसाठी कोकणातून अनेक दिंड्या पायी श्रीक्षेत्र आळंदीस निघतात. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस श्रीज्ञानेश्वर महाराजांनी तेथे संजीवन समाधी घेतली. या वाटचालीतील खऱ्या कसोटीचा दिवस म्हणजे बोरघाटाच्या चढणीचा.

पहाटेचा काकडा आटोपून दिंडी खोपोली सोडते. पुढे पताका, मागे टाळ-मृदंग आणि वीणा, त्यामागे मस्तकी तुळस घेतलेल्या माता-भगिनी. सपाटीवर सहज चाललेला अभंग चढणीस लागताच अडखळू लागतो. श्वास अपुरा पडतो, पोटऱ्या भरून येतात, तरुण पुढे सरकतात आणि वृद्ध मागे पडू लागतात. येथेच वारकऱ्याची परीक्षा सुरू होते.

घाटात शिंग्रोबाचे मंदिर आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रज अधिकाऱ्यांना घाट चढण्याची वाट दाखविली आणि पुढे त्यास प्राणास मुकावे लागले, असे लोकपरंपरा सांगते. घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. आजही येणारे-जाणारे वाहनचालक त्या स्थानी हात जोडतात. ज्याने वाट दाखविली, त्याला लोकांनी देवपण दिले.

डोंगराच्या दुसऱ्या अंगाने कर्जतहून लोहमार्ग घाट चढतो. तो १८६३ मध्ये पूर्ण झाला. कातळ फोडताना, बोगदे खोदताना हजारो मजूर राबले, कित्येक पटकीने व अपघातांनी गेले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. याच मार्गावर पळसदरी, जांब्रुंग, नागनाथ या नावांच्या बरोबरीने ‘ठाकुरवाडी’ हे नाव येते. ते कोणा सरदाराचे नाव नसून डोंगरात राहणाऱ्या ठाकूर समाजाच्या वस्तीचे आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांत अशा अनेक ठाकुरवाड्या आहेत. रस्ते व रूळ येण्यापूर्वी या रानातील पायवाटा त्यांच्याच पावलांनी मळल्या होत्या.

म्हणून पायी चालणाऱ्याने ‘मी चाललो’ असे म्हणताना क्षणभर थांबावे. वाट कोणी शोधली, कोणी फोडली, कोणी तहानलेल्यास तांब्याभर पाणी दिले, याचा हिशेब केला तर स्वतःच्या वाट्यास फार थोडे चालणे उरते. हे ऋण फेडावे कसे? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना माउलींनी सत्पुरुषाच्या चालण्याचे वर्णन केले आहे. आपल्या पायाखाली सूक्ष्म जीवही दुखावू नये, इतक्या जपून तो पाऊल टाकतो. मुंगीसाठी जो पाऊल आवरतो, तो धाप लागलेल्या सोबत्यास मागे टाकून कसा जाईल?

दिंडीत दरवर्षी हा प्रसंग येतो. सत्तरीच्या आजींचे पाय अर्ध्या घाटात उचलत नाहीत. सामानाच्या टेम्पोत बसा म्हटले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. इतक्या वर्षांची पायी वारी मोडेल, हे दुःख त्यांना शरीराच्या वेदनेहून मोठे वाटते. अशा वेळी त्यांना कोणी नियम ऐकवू नये. देहाने साथ सोडली तरी मनाने चालणाऱ्याची वारी अखंड असते. मात्र ज्याचे पाय धडधाकट आहेत आणि जो मागे वळून पाहत नाही, त्याची वारी पायी असूनही खंडित होते. टेम्पोत बसलेल्या आजींची तुळस एखाद्या सुनेने आपल्या मस्तकी घ्यावी आणि माथ्यावर पोहोचल्यावर पुन्हा त्यांच्या हाती द्यावी. एवढ्याने दोघींचीही वारी पूर्ण होते.

भाविकांनी एवढे अवश्य पाळावे. द्रुतगती मार्गावर पायी चालण्यास मनाई आहे. जुन्या मार्गानेच, रस्त्याच्या कडेने, एका रांगेत चालावे. अंधार असताना पुढे व मागे दिवा धरावा. दिंडीची गती सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलांनी ठरवावी. वाडीवस्तीवरील पाणी मागूनच घ्यावे, विहिरीपाशी पाय धुऊ नयेत, पत्रावळी व प्लास्टिक मागे टाकू नये. ज्या घरी पाणी मिळाले, त्या घराला ‘माउली’ म्हणून हात जोडावेत.

खंडाळ्याचा माथा आला की गार वारा अंगावर येतो आणि अडखळलेला अभंग पुन्हा सुरात लागतो. त्या सुरात मागून आलेल्या शेवटच्या वारकऱ्याचाही आवाज मिसळला, तरच घाट चढला असे समजावे.

॥ रामकृष्णहरी ॥