बकासुरापुढची गवताची काडी

एरंडोलच्या पंचक्रोशीत बकासुर हा पोथीतला परका राक्षस नाही. महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणजे एरंडोल, पांडव राहिले तो पांडववाडा गावातच, आणि भीमाने बकासुराला मारलं ती जागा पद्मालयाजवळचं भीमकुंड, अशी इथली श्रद्धा आहे. एकचक्रा आपलीच असं बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातलं एक गावही सांगतं. यातलं इतिहासाला काय मान्य होईल, हा इथे प्रश्न नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या नावाने एक अख्खी नगरी थरथर कापायची, त्याचं नाव आज आपण चौथी भाकरी मागणाऱ्या पोराला हसत हसत ठेवतो. माणसं खाणाऱ्याचा नुसता खादाड झाला. हे बरं झालं की वाईट? राक्षसाला हसणं म्हणजे दुष्टपणाला मोकळं सोडणं, की त्याची आपल्यावरची सत्ता काढून घेणं?

हा प्रश्न 1967 सालच्या 'मॅड मॉन्स्टर पार्टी?' या अमेरिकी बाहुलीपटाच्या निमित्ताने नीट मांडता येतो. ड्रॅक्युला, ममी, लांडगा होणारा माणूस, अदृश्य माणूस, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस असे भयपटांतले सगळे मानकरी त्यात बाहुल्या होऊन एका बेटावर मेजवानीला जमतात, आणि सगळा मामला विनोदी आहे. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदात अशी 24 चित्रं पळतात. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये याच युक्तीने काड्यांना नाचवलं होतं. बाहुलीपटातल्या बॅरन फ्रँकेन्स्टाइनला आवाज दिला बोरिस कार्लॉफने. 1931 साली याच नटाने फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस होऊन प्रेक्षकांची झोप उडवली होती. छत्तीस वर्षांनी तोच आवाज लहान मुलांना हसवतो. पण या हसण्याच्या आड खरी भीती कुठे ठेवली आहे ते पाहा. ती सुळ्यांत नाही, नखांत नाही. बॅरनने सगळं नष्ट करणारं एक रसायन शोधलं आहे आणि ते एका कुपीत मावतं. अणुबाँबच्या सावलीत वाढलेल्या पिढीसाठी केलेल्या या चित्रपटात अखेर सगळे राक्षस आणि त्यांचं बेट संपतं ते माणसाच्या विद्येने. हसण्याने राक्षसाचा मुखवटा सैल केला, तेव्हाच मागचा माणसाचा हात दिसला.

राक्षसाला हसण्याची ही रीत आपल्याला बाहेरून आलेली नाही. कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर काळ्या पोशाखात येतो आणि लोकांना पोट धरून हसवतो. देवाचं कार्य म्हणून होणाऱ्या खेळातच त्याला ही जागा आहे. पण सर्वांत मोठा पुरावा आदिपर्वात, बकासुराच्याच कथेत आहे, आणि आपण कथा सांगताना नेमका तोच गाळतो. पांडव ज्याच्याकडे उतरले आहेत त्या ब्राह्मणाच्या घरावर राक्षसाकडे माणूस पाठवायची पाळी आली आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला जाऊ द्या. तिघंही रडताहेत. तेवढ्यात घरातलं बोबडं पोर एकेकाजवळ जातं, रडू नका म्हणतं, आणि गवताची एक काडी उचलून सांगतं की हिनेच मी त्या राक्षसाला मारतो. त्या मरणाच्या घरातही सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं. हीच वेळ हे ओळखून कुंती पुढे होते, काय झालं ते विचारते, आणि मग भीमाला पाठवायचं ठरतं. कवीला ही काडी टाळता आली असती. दारामागून रडणं ऐकून कुंती तशीही आत आली असती. पण त्याने आधी हसू आणलं आणि मग सुटकेची वाट उघडली. पुढे भीमही तेच करतो. बकासुर पाठीत दोन्ही हातांनी रपाटे घालतो, आणि भीम मागे वळूनही न बघता त्याच्याच वाट्याचं अन्न खात राहतो. जेवण पुरतं उरकतो, चूळ भरतो आणि मग उठतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गाडीवर बसून गेलं आणि परत आलंच नाही, त्यांना हे हसू कसं वाटेल? खादाड पोराला बकासुर म्हणताना आपण त्या मेलेल्यांना विसरतोच ना? विसरतो, हे कबूल केलं पाहिजे. पण तो दोष हसण्याचा नाही, कथा अर्धी सांगण्याचा आहे. पूर्ण कथेत बकासुराहून भयंकर एक गोष्ट आहे: पाळी. गाडीभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, घराघरांत वाटून दिलेला. वर्षानुवर्षं हा कारभार शिस्तीत चाललेला. रक्षण न करणाऱ्या राजाला तो ब्राह्मण स्वतःच दोष देतो. राक्षसाला पाहून नुसतं भ्यायलो तर डोळ्यांपुढे राक्षसच उरतो. पाळी लावणारे, पाळी पाळणारे आणि राजवाड्यात बसलेला दिसेनासे होतात. भीतीने आलेली ती आंधळेपणाची झापड हसू काढतं. हसू राक्षसाला मारत नाही, हेही खरं. त्यासाठी भीमालाच झाडं उपटावी लागली. पण भीम निघण्याआधी कोणीतरी काडी उचलावी लागते.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे. राक्षस जर बाहुली, तर हलवणारा दुसराच. मग त्याचं पाप कोणाचं? गीतेच्या अठराव्या अध्यायात 61 व्या श्लोकात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो असं म्हटलंच आहे. त्या बाहुलीपटाचा शेवटही इथेच येऊन थांबतो: नायिका आपण बॅरनने घडवलेलं यंत्र असल्याचं सांगते, आणि तिची समजूत घालता घालता नायकाचीही वाचा अडकलेल्या तबकडीसारखी तेच तेच बोलू लागते. सगळीच यंत्रं निघाली तर जाब विचारायचा कोणाला? पण गीता त्या श्लोकावर थांबत नाही. दोनच श्लोकांनंतर कृष्ण अर्जुनाला सांगतो की याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं ते कर. फिरवलं जाणं एका जागी, निवड दुसऱ्या जागी, आणि दोन्ही एकाच माणसात. म्हणून बाहुलीपणाची जाणीव बकासुराला माफी देत नाही. ती फक्त त्याचा मोठेपणा काढून घेते. आपल्या पुराणांत असुराचं बळ बहुधा वराने मिळालेलं, म्हणजे उसनं असतं. भस्मासुराचा हातसुद्धा त्याच्या मालकीचा नव्हता. बाहुलीचं प्रत्येक पाऊल दुसऱ्याच्या बोटांनी पडताना पाहिलं की ही उसनवारी लहान मुलालाही कळते. दुष्टपणाला भ्यावं, त्याच्याशी लढावं. त्याच्यापुढे भारावून मात्र जाऊ नये. भारावलेला माणूसच पाळीला रुकार देतो.

पद्मालयाला मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांना आणि मास्तरांना म्हणून एक विनंती आहे. डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन्ही गणपतींचं दर्शन झाल्यावर भीमकुंडाकडे जाल, तेव्हा गदा आणि कुस्ती जरूर सांगा. पण आधी त्या घरातल्या पाळीचं सांगा, आणि त्या बोबड्या पोराने उचललेली गवताची काडी गाळू नका.