तहान लागण्याआधीची विहीर

कॅन्सरच्या रुग्णाच्या उशाशी औषधांची जी पिशवी असते, तिच्यातल्या चिठ्ठीवर वेदनाशामक गोळीपुढे पुष्कळदा 'एसओएस' लिहिलेलं असतं. म्हणजे लागेल तेव्हा घ्या. घरातले त्याचा अर्थ लावतात तो असा, की अगदीच सहन होईना झालं तरच गोळी द्यायची. रुग्णही त्याच मताचा असतो. 'सहन होतंय, आत्ताच कशाला?' म्हणत तो दुपार काढतो. संध्याकाळी कण्हणं सुरू होतं, मग गोळीसाठी धावाधाव होते. ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. तोवर वेदना इतकी चढलेली असते, की नेहमीच्या डोसाला ती दाद देत नाही. डोस वाढवावा तर गुंगी येते. वेदना उतरली तरी पुन्हा कधी येईल ही धास्ती मागे राहते, आणि या धास्तीने पुढची कळ आणखी तीव्र वाटते.

आजार बरा होवो न होवो, माणसाचा त्रास कमी करायचा, हे पॅलिएटिव्ह केअरचं काम. त्या शास्त्राचा पहिला धडा या 'एसओएस'च्या विरुद्ध आहे. सतत दुखत असेल तर औषध वेदनेकडे बघून द्यायचं नाही, घड्याळाकडे बघून द्यायचं. लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी हा धडा जगाला शिकवला. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि १९५७ मध्ये, वयाच्या चाळिशीकडे झुकताना, डॉक्टर झाल्या. मरणासन्न रुग्णांना ठरावीक वेळाने तोंडावाटे मॉर्फिन दिलं तर ते शुद्धीत, बोलते आणि बऱ्यापैकी आरामात राहतात, हे त्यांनी नोंदी ठेवून दाखवलं आणि १९६७ मध्ये लंडनमध्येच सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी मार्गदर्शिका काढली, तिचं सार असं होतं: औषध तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, पायरीपायरीने वाढवा. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं तेही त्याच वर्षी.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. म्हणून सकाळी सहा, दहा, दोन, सहा अशा वेळा लावून देतात. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून दहाचा डोस बहुधा दुप्पट देतात. सोबत बद्धकोष्ठावरचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. पुढची गोळी आधीच्या गोळीचा असर ओसरण्यापूर्वी पोटात गेलेली असते. त्यामुळे वेदना डोकं वर काढत नाही आणि एकूण औषधही बेताचंच लागतं. व्यसनाची भीती घरोघरी असते; पण दुखणं असह्य होईपर्यंत थांबवलेला माणूसच दिवसभर गोळीचा विचार करत असतो. वेळेवर मिळणाऱ्याला तिची आठवणही राहत नाही. आपल्याकडे कायद्यालाही ही भीती होती. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं एवढं जंजाळ उभं केलं, की औषधांसाठी अफू पिकवून निर्यात करणाऱ्या देशात रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांच्या प्रदीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायदा बदलला आणि परवान्याची पद्धत सोपी झाली.

त्रासाच्या आधी पोचायचं, हे चार तासांच्या हिशेबात पटायला सोपं आहे. तेच तत्त्व महिन्यांच्या हिशेबात पटायला जड जातं. आपल्याकडे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांचं नाव निघतं ते 'आता करण्यासारखं काही उरलं नाही' या वाक्यानंतर. त्यामुळे त्या विभागाचं दार दिसलं की नातेवाइकांचे पाय लटपटतात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हा क्रम उलटा करून पाहिला गेला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि निदानानंतर लगेचच पॅलिएटिव्ह केअर. २०१० मध्ये निष्कर्ष आले. दुसऱ्या गटाची जगण्याची प्रत चांगली होती, खिन्नता कमी होती, अखेरच्या दिवसांतली तीव्र उपचारांची झटापटही कमी होती. आणि तरी ते रुग्ण जास्त जगले: मध्यक ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. पुढच्या प्रयोगांत आयुष्य वाढल्याचं दर वेळी दिसलं नाही, पण जगणं सुसह्य झाल्याचं वारंवार दिसलं.

आता वर्षांचा हिशेब. म्हातारपणी विस्मरणाचा आजार जडला की माणसाची मतं सांगायची ताकद हळूहळू जाते. शेवटी गिळणं अवघड होतं आणि डॉक्टर विचारतात, नाकातून नळी घालायची का? आजार फार पुढे गेलेला असेल तर नळीने आयुष्य वाढतं किंवा ठसका लागून होणारा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. वृद्धांचे डॉक्टर म्हणूनच चमच्याने, सावकाश, जमेल तेवढं भरवा असं सांगतात. पण 'आईला उपाशी ठेवलं' हा बोल मुलाला नको असतो. आईला काय हवं होतं, हे विचारायची वेळ तर कधीच निघून गेलेली असते. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी खोड इथे सर्वांत महागात पडते.

अरुणा शानबाग यांचं प्रकरण सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि मे २०१५ मध्ये गेल्या. मधली चार दशकं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना जपलं. त्यांचं अन्न थांबवावं अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती फेटाळली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा मानला. दोन्ही बाजूंना अरुणांविषयी कळवळा होता. अरुणांचं स्वतःचं म्हणणं मात्र कोणाकडेच नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला ते कोण विचारणार?

ते आधी लिहून ठेवण्याची सोय २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने करून दिली. त्यातल्या जाचक अटी जानेवारी २०२३ मध्ये सैल केल्या. आता अशा लेखी इच्छेवर, म्हणजे लिव्हिंग विलवर, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा होतो. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसांची नावं त्यात घालावी लागतात. एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. असे अधिकारी नेमलेच गेले नाहीत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

यावर एक आक्षेप 'शुभ बोल नाऱ्या' या जातीचा आहे. तो सोडून देऊ. दुसरा खरा आहे. साठीतल्या धडधाकट माणसाला 'अंथरुणाला खिळून जगायचं नाही' असं वाटतं, आणि ऐंशीव्या वर्षी खिळल्यावर नातवंडाच्या आवाजासाठी जगावंसं वाटतं. मग आधीच्या माणसाने नंतरच्या माणसाला का बांधावं? कायद्याने बांधलेलंही नाही. लिव्हिंग विल केव्हाही रद्द करता येतं, आणि माणूस विचार करून बोलू शकतो तोवर त्याचं आजचं म्हणणंच चालतं. मॉर्फिनचा डोसही पहिल्या दिवशी ठरला तो कायम राहत नाही. रोज विचारून तो कमीजास्त करतात. आधी ठरवलेलं असलं की बदलायला काहीतरी हाताशी असतं, एवढंच.

म्हणून त्या कागदातला सर्वांत कामाचा रकाना मला नावांचा वाटतो. व्हेंटिलेटर, नळी, डायलिसिस यांची यादी कितीही लांब केली तरी नेमका प्रसंग तिच्याबाहेरचाच येतो. तेव्हा निर्णय घेणार ती नावं लिहिलेली माणसं. माणसं ओळखू येईनाशी झाली तर काय, रुग्णालय की घर, कशासाठी त्रास सोसायची तयारी आहे आणि कशासाठी नाही, हे त्यांना माहीत हवं. नोटरीकडचं काम अर्ध्या तासात उरकतं. हे बोलणं मात्र जेवताना, प्रवासात, कुणाच्या आजारपणाच्या निमित्ताने वर्षानुवर्षं चालावं लागतं. ते तब्येत उत्तम असताना सुरू केलं, तरच गरजेच्या वेळेपर्यंत पुरेसं झालेलं असतं.