पडद्यावरचा केक, घरातला सण

कथा काल्पनिक असेल, तर तिच्यातून उचललेला विधी खरा मानावा का?

१९७१च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘द होमकमिंग’ हा दूरचित्रपट सीबीएसवर दाखवला गेला. त्यातूनच पुढे ‘द वॉल्टन्स’ ही मालिका जन्माला आली. चित्रपटात आहे १९३३ सालची, मंदीच्या काळातली नाताळची पूर्वसंध्या. व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या घरात आई ऑलिव्हिया सफरचंदाच्या गराचा केक करते आहे, मुलं अक्रोड फोडताहेत आणि कामासाठी दूर गेलेला बाप अजून परतलेला नाही.

मालिकेचे चाहते आजही नाताळात हा केक भाजतात. गरामुळे तो ओलसर राहतो. गरातलं आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की वायू तयार होऊन मिश्रण फुगतं.

चाहत्यांच्या या केक भाजण्याला नुसती नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे. ख्रिस्ती परंपरेत नाताळाआधीचे चार रविवार प्रतीक्षेचे मानले जातात, आणि ऑलिव्हियाचा केकही प्रतीक्षेतच तयार होतो. शिवाय लेखक अर्ल हॅम्नर यांनी ही कथा स्वतःच्या बालपणावरच बेतली होती. म्हणजे पडद्यामागे एक खरं घर होतंच. पण ते नसतं तरी, कुणाची तरी मनापासून वाट पाहत भाजलेला हा केक विधी म्हणून पूर्ण खराच ठरला असता.