शेजार निवडताना

विचारांचा इतिहास शिकण्यासाठी विद्यापीठ निवडू पाहणाऱ्या तरुण माणसाची अडचण मला व्यावहारिक कमी आणि तात्त्विक अधिक वाटत आली आहे, कारण ज्या विवेकाच्या बळावर ही निवड करायची, तो विवेक त्या शिक्षणाच्या शेवटी कुठे हाती लागला तर लागणार. प्लेटोच्या 'मेनो' या संवादातला पेच हाच: जे ठाऊकच नाही ते शोधायचे कसे, आणि समोर आले तरी ओळखायचे कशावरून? आपल्या शास्त्रकारांनी या पेचाला ग्रंथाच्या दारातच थांबवले होते. हा ग्रंथ कोणासाठी, कशाविषयी, त्याचा विषयाशी संबंध कोणता आणि प्रयोजन काय, असे अनुबंधचतुष्टय ते आरंभीच मांडत. आजचे विद्यापीठ जवळपास हेच सारे दोन पानांच्या 'एसओपी'त, म्हणजे उद्देशनिवेदनात, मागते, फक्त पूर्वी जे ग्रंथकार सांगत असे, ते आता अजून ग्रंथ न उघडलेल्या वाचकाकडून वदवून घेतले जाते. आणि बावीस-तेविसाव्या वर्षी स्वतःचे प्रयोजन ठामपणे सांगणाऱ्या माणसाविषयी कौतुकाबरोबर थोडी काळजीही वाटावी, हे स्वाभाविकच.

त्यात या विद्येचे असे की तिची घराणी आहेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आर्थर लव्हजॉय यांना कल्पना मूलद्रव्यांसारख्या दिसल्या, नाना संयुगांत मिसळून शतकानुशतके प्रवास करणाऱ्या. केंब्रिजच्या क्वेंटिन स्किनर यांनी 1969 मधील आपल्या गाजलेल्या निबंधात ही कालातीतता नाकारली आणि प्रत्येक विधान ही कोणीतरी, कोणत्यातरी क्षणी, कोणाच्यातरी विरोधात केलेली कृती असते असे बजावले. जर्मनीत बीलेफेल्डला राइनहार्ट कोझेलेक संकल्पनांचेच आयुष्य न्याहाळत बसले. अर्ज भरणाऱ्याला वाटते आपण एक गाव निवडतो आहोत; प्रत्यक्षात, विचार माणसापेक्षा अधिक जगतो की माणसाबरोबरच मरतो, या प्रश्नाचे उत्तर तो प्रश्न मनात नीट उमटण्यापूर्वीच तो निवडून बसलेला असतो.

तरीही घराण्यांच्या या भांडणापेक्षा मला त्यांच्या कामाच्या टेबलावरची एक गोष्ट अधिक काळ गुंतवून ठेवते. जॉन लॉकचे 'शासनविषयक दोन प्रबंध' 1689 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आदल्याच वर्षीच्या इंग्लंडमधील राज्यक्रांतीचे ते समर्थन आहे, असे पिढ्यान्पिढ्या मानले गेले. पीटर लॅस्लेट यांनी 1960 मध्ये काढलेल्या संपादित आवृत्तीत दाखवून दिले की त्याचा बराचसा भाग क्रांतीच्या कित्येक वर्षे आधी लिहिला गेला होता. हे सिद्ध करताना त्यांनी लॉकचे युक्तिवाद तपासले तसेच त्याचे कपाटही तपासले: कोणते पुस्तक त्याच्याकडे केव्हा होते, कोणते तो कुणाच्या घरी वाचत होता. पुढे जॉन हॅरिसन यांच्यासह त्यांनी लॉकच्या ग्रंथसंग्रहाची सूचीच छापली. ग्रंथातले एक अक्षरही बदलले नाही, आणि तरी घडून गेलेल्या गोष्टीचे शहाणे समर्थन एकाएकी न घडलेल्या गोष्टीचे जोखमीचे आवाहन झाले. वाक्याचा अर्थ वाक्यात जितका असतो तितकाच शेजारच्या फळीवरही असतो, ही जाणीव सूचीच्या कोरड्या ओळींतून यावी, यात मला या विद्येचे सारे सौंदर्य दिसते.

शेजाराची ही महती हॅम्बुर्गच्या आबी वारबुर्ग यांनी तर ग्रंथालयाच्या रचनेतच उतरवली होती. आपण जे पुस्तक शोधत जातो त्यापेक्षा त्याच्या लगतचे पुस्तक आपल्याला अधिक हवे असते, या विश्वासाने त्यांनी फलज्योतिषाला खगोलशास्त्राच्या सोबतीला बसवले. नाझी सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये तो संग्रह बोटींनी लंडनला आला, 1944 मध्ये लंडन विद्यापीठाचा झाला, आणि आज वारबुर्ग इन्स्टिट्यूटमध्ये सांस्कृतिक व वैचारिक इतिहासाची एम.ए.ही करता येते.

आणि मग कोलंबिया विद्यापीठ आठवते. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, ते अर्थशास्त्रासाठी. एडविन सेलिग्मन हे त्या विषयातले त्यांचे गुरू. पण पुढे आपल्या थोर अध्यापकांची नावे सांगताना त्यांनी सेलिग्मन यांच्याबरोबर तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन यांचाही उल्लेख केला. यांतले रॉबिन्सन पश्चिम युरोपातील बुद्धिजीवी वर्गाचा इतिहास शिकवत. म्हणजे आपण ज्या विद्येविषयी बोलतो आहोत, तिच्या अमेरिकेतल्या पहिल्या अध्यापकांपैकी एक. 'भारतातील जाती' हा निबंधही आंबेडकरांनी मे 1916 मध्ये वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, तर अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राचे प्रबंध त्यांनी लिहिलेच, आणि ते लेचेपेचे नव्हते. पण जातीविषयीच्या त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराचा आरंभ अभ्यासाचा मुख्य दरवाजा सोडून शेजारच्या खोलीत झाला. अर्जावर लिहिलेले प्रयोजन आणि आयुष्याला सापडलेले प्रयोजन यांच्यामधले हे अंतर कोणत्या प्रवेशसमितीला मोजता आले असते?

पोटापाण्याचा हिशेब मी तुच्छ मानत नाही. इंग्लंडमधली एका वर्षाची पदव्युत्तर पदवी बहुधा पदरच्या किंवा कर्जाच्या पैशांवर होते, अमेरिकेतल्या डॉक्टरेटला पाच-सहा वर्षे आणि अनेकदा जास्तच लागतात, तिथे विद्यावेतन मिळाले तर बदल्यात शिकवावे लागते, आणि एवढे करून या विषयातल्या नोकऱ्या मोजक्याच. तो हिशेब आधी, निर्दयपणे करावा. पण तो उरकल्यावर सल्ला मागायला आलेल्याला मी विभागप्रमुखांचे नाव विचारत नाही. दुसऱ्या विभागाच्या चर्चासत्रात नाव न नोंदवता बसू देतात का, दुपारचा चहा सगळे एका ठिकाणी घेतात की आपापल्या मजल्यावर, आणि ग्रंथालयात थेट कपाटापर्यंत जाता येते की चिठ्ठी लिहून खिडकीशी थांबावे लागते, एवढेच विचारतो. यातले काहीच माहितीपत्रकात छापलेले नसते, म्हणून तिथे सध्या शिकत असलेल्या कुणाला तरी पत्र लिहावे लागते. आणि उत्तर किती दिवसांनी, किती मोकळेपणाने येते, तेही पाहावे लागते.