माप बरोबर, पुढे काय?



परवा घरभेटीच्या वेळी आपल्या एका दुकानदार बांधवाने मला विचारले, "फादर, माझे वजनमाप बरोबर असते, मालात भेसळ नसते. मग सामाजिक जबाबदारी म्हणून आणखी काय करू? ते काम मोठ्या कंपन्यांचे!"

त्यांचे म्हणणे कायद्याला धरून आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांवरच आहे. गावातला किराणा किंवा पिठाची गिरणी त्यात येत नाही.

पण कायदा संपला की नीती संपते का?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एक प्रश्न हाताळला. धान्याचा भाव चढलेल्या गावी एक व्यापारी गहू आणतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत, हे त्यालाच ठाऊक आहे. त्याने ते सांगावे का? संत म्हणतात, चालू भावाने विकले तर अन्याय होत नाही; परंतु सांगितले किंवा भाव उतरवला, तर तो अधिक मोठा सद्‌गुण.

तो व्यापारी माल विकून निघून जाणारा. आपला दुकानदार मात्र गावातच राहतो. कोणत्या घरचा कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे, हे उधारीची वही त्याला आपल्या आधी सांगते. जो जाणतो, त्याची जबाबदारी वाढते.

याचा अर्थ सर्वांना फुकट द्यावे असा नाही. दुकान बंद पडले, तर पहिला फटका गरिबालाच बसेल. पण चारचौघांत कोणाची उधारी काढू नये, पुराने रस्ता बंद झाला म्हणून भाव चढवू नये, हाताखालच्या मुलाची मजुरी अडवू नये. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आहे.

आणि आपण गिऱ्हाईक? महिन्याचा बाजार रोखीने मॉलमध्ये आणि अडीनडीची उधारी गावच्या दुकानात, हा न्याय आहे का? चार रुपये वाचावेत म्हणून चर्चच्या मेणबत्त्या मीही शहरातूनच आणत आलो आहे. त्या दुकानदाराला उत्तर देताना मला हे आठवले आणि मी गप्प झालो.

या आठवड्यात आपण आपली जुनी उधारी फेडू या. मेणबत्त्या मी गावातूनच घेईन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू