घरचे म्हणजे कोणाचे?

दिवाळीचे ताट पुढे करताना ‘सगळे घरचे आहे हं!’ असे म्हणायची आपली रीत आहे. त्या शब्दांत चवीची हमी असते, तसा श्रेयावरचा हक्कही असतो. हे श्रेय नेमके कोणाचे? इंदुरात, आमच्या स्वयंपाकघरात बिस्कोत्ती भाजली जाऊ लागली तेव्हा हा प्रश्न मला पडला. दिसतो तितका तो लहान नाही.

बिस्कोत्ती म्हणजे दोनदा भाजलेले इटालियन बिस्किट. नावाचा मूळ अर्थच तो. मैदा, साखर, अंडी, बदाम आणि सुके अंजीर यांचा लांबट गोळा भाजायचा, थोडा निवला की तिरके काप करायचे आणि ते मंद आचेवर पुन्हा भाजायचे. पहिल्या आचेने पदार्थ शिजतो, दुसरीने टिकतो. चहात बुडवायचा आपला टोस्ट याच कुळातला. इटलीतील प्रातो गावी अंतोनियो मात्तेई याने १८५८ मध्ये या बिस्किटांचे दुकान काढले आणि भाजणाऱ्याचे नाव त्या दुकानाला कायमचे चिकटले.

आमच्याकडे नेमके उलटे झाले. माझ्या लहानपणी घरोघरी ओव्हन नव्हते. नानकटाईसाठी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची. भट्टीची आच कुठे तेज, कुठे मंद, पत्रा केव्हा फिरवायचा, ही सारी विद्या भट्टीवाल्या मुसलमान कारागिराची. नानकटाई मात्र ‘घरची’! तोच कारागीर डबा पोचवायला आला, तर त्याला चहा ओट्यावर आणि वेगळ्या कपात. त्याच्या हातची नानकटाई देवापुढे चालत होती. त्याने तोंड लावलेला कप मात्र फळीवर चालत नव्हता.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झाले. ते भांडण निदान उघड्यावर होते. आमच्या नानकटाईने हाच पेच मुकाट्याने सोडवला : माणसाचे कसब घरात घेतले आणि माणूस ओट्यावर ठेवला.

कोणी म्हणेल, सामान आमचे, मजुरी चोख दिली, मग राहिले काय? मजुरीने श्रमाचे मोल फिटते. नाव पुसण्याचा अधिकार त्यात येत नाही.

आता ओव्हन घरात आला, म्हणून प्रश्न संपला असे नाही. बदाम सियागंजच्या बाजारातले, पण पिकले कुठल्या दूरदेशी कोण जाणे. पीठ मळते, काप करते ती आमची सून. माझा हात बदाम चिरण्यापुरता. ‘घरचे’ म्हटले की तिचेही नाव त्याच शब्दाखाली झाकले जाते. पूर्वी बाहेरचा झाकला जाई, आता घरातली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हांला, आणि सीमाभागातल्या तुम्हांलाही, ‘आपला’ आणि ‘परका’ या शब्दांची धार ठाऊक आहे. म्हणून ‘घरचे’ हा शब्द टाकून देऊ नये. तो मोठा करावा. ज्यांचे हात लागले त्यांची नावे घेता यावीत, आणि ते आले तर त्यांना आपल्याच कपात चहा मिळावा. एवढे जमले, तरच पदार्थ घरचा म्हणावा.